वेड्याच्या छातीला हात कोण लावणार?



वस्तीत एखाद्याचं डोकं फिरलं की तो जिवंतपणीच माणसांच्या यादीतून कटतो. पन्नाशीच्या आत मेला तर लोक म्हणतात, 'सुटला बिचारा!' आमचा सवाल आहे, सुटला की मारला?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी मरतात. काहीजण आत्महत्या करतात, हे खरंय. पण बहुतेकांना मारतात ते साधेच रोग. हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसाचे रोग. स्किझोफ्रेनियावरच्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, साखर वाढते. गोळ्या टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही, त्या लागतातच. पण गोळी लिहिणाऱ्याने बीपी, वजन, साखर बघायची की नाही? छातीत कळ येते म्हणून हा माणूस गेला की केसपेपर वाचून म्हणतात, 'डोक्याचा पेशंट हाय, तिकडं न्या.' ईसीजी निघत नाही. छातीला स्टेथोस्कोप लागत नाही.

हात न लावणं म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवू नये. 1929 च्या 'यंग इंडिया'त काठेवाडच्या एका अस्पृश्य मास्तराची हकीकत छापून आली. बायको बाळंतीण, आजारी पडलेली. डॉक्टर शिवेना. थर्मामीटर मध्यस्थाच्या हातून दिला. बाई मेली. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त हे नोंदवून ठेवलंय. आज कारण दुसरं असेल, पण हात आखडायची रीत तीच. आणि जो दलितही आहे, गरीबही आहे आणि वेडाही ठरलाय, त्याने कुठं जायचं?

2001 साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली. साखळ्यांनी बांधलेल्यांना पळता आलं नाही. 28 माणसं मेली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीवर बंदी घातली, शरीराच्या रोग्याइतकाच हक्क मनाच्या रोग्याला दिला. कागद झाला. हात कुठाय?

आपलेही हात साफ नाहीत. 'येडा' ही आपलीच शिवी. पोराला खाटेला बांधून देवऋषी आणणारी घरं आपल्यातच आहेत. ते आधी थांबवा. मग त्या पोरासोबत दवाखान्याच्या रांगेत उभे राहा. साखर तपासा म्हणा, ईसीजी काढा म्हणा, नाही म्हटलं तर लिहून मागा.

त्याची दहा-वीस वर्षं कुणाच्या बापाची नाहीत. त्याची त्याला मिळालीच पाहिजेत!