आरोपीनेच ऑटोग्राफ मागितला तर?

सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना ‘सोडून द्यावा यार हा जॉब आणि मस्त कादंबरी लिहावी’ असं तुम्हाला कधीच वाटलं नसेल, तर सरळ पान उलटा. बाकीच्यांसाठी आजचा हीरो... जोसेफ वॉमबॉ.

हा लॉस एंजेलिसचा पोलिस. वडीलही पोलिसातच. आधी मरीन्समध्ये, मग १९६० मध्ये शहर पोलिसांत भरती. गस्तीवरच्या शिपायापासून डिटेक्टिव्ह सार्जंटपर्यंत पोहोचला आणि नोकरी सांभाळून लिहायला लागला. १९७१ मध्ये ‘द न्यू सेंच्युरियन्स’ आली आणि थेट बेस्टसेलर! वरच्या साहेबांना अर्थातच ती झोंबली. परवानगी न घेता छापली म्हणून ठपका आला. शिवाय यातले पोलिस घाबरायचे, प्यायचे, त्यांचे संसार मोडायचे. पोलिस केस कशी सोडवतो यापेक्षा नोकरी पोलिसाचं काय करून टाकते, यातच त्याला रस होता.

त्याचं सगळ्यात हलवून टाकणारं पुस्तक मात्र कादंबरी नाहीच. १९६३ मध्ये हॉलिवुडमध्ये दोन पोलिसांना गुंडांनी पिस्तुलाच्या धाकाने पळवलं आणि बेकर्सफील्डजवळच्या कांद्याच्या शेतात नेलं. इयन कॅम्पबेलला तिथेच गोळ्या घातल्या. कार्ल हेटिंगर अंधारात पळाला आणि वाचला. वाचला म्हणजे काय, तर खात्याने त्यालाच विचारलं, बंदूक दिलीस कशी? ती रात्र त्याला सहकाऱ्यांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावली. माणूस आतून मोडला. दुकानांतून चिल्लर चोऱ्या करू लागला आणि शेवटी नोकरीही गेली. वॉमबॉने बिनपगारी रजा टाकून खटल्याची हजारो पानं उपसली आणि १९७३ मध्ये ‘द अनियन फील्ड’ लिहिलं. हेटिंगरची बाजू कुणीतरी मांडली, तीही खात्यातल्याच माणसाने.

आता खरी गंमत. तीन पुस्तकं गाजली, तरी गड्याला नोकरी सोडायची नव्हती! पण पकडलेले आरोपी ऑटोग्राफ मागायला लागले. गाडीतला पार्टनर त्याच्यासाठी दार उघडायला लागला. असल्या सेलिब्रिटीने चौकशी काय करायची, कप्पाळ? १४ वर्षांनी, १९७४ मध्ये त्याने राजीनामा दिला. म्हणजे आपण ज्याला ‘ड्रीम’ म्हणतो, त्याच यशाने त्याची आवडती नोकरी घालवली.

गणवेश उतरला, तसा आतला माणूस बाहेरचा झाला. नवे किस्से आणायचे कुठून? पोलिसांना चार-पाचच्या घोळक्यात जेवायला बोलवायचं, ग्लास भरायचे आणि आपण फक्त ऐकायचं. २००६ मध्ये, साठी कधीच ओलांडल्यावर, ‘हॉलिवुड स्टेशन’ आली तीही अशाच गप्पांतून. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी, ८८व्या वर्षी तो गेला. या कादंबऱ्यांच्या सुरुवातीला तो किस्से पुरवणाऱ्या पोलिसांचे आभार मानतो. कथा वाचायची घाई असली तरी ती पानं गाळू नका.