साखर कामगारांचा पगार वाढला, मग संघटनांची ताकद कुठे गेली?

जुलै 2025 मध्ये राज्यातल्या साखर कामगारांसाठी 10 टक्के पगारवाढ ठरली. 1 एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी हा करार आहे. त्याआधीचा करार 12 टक्क्यांचा होता. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचं अर्थकारण साखर कारखान्यावर चालतं, त्यामुळे इथे या वाढीची चर्चा झाली नसती तरच नवल. पण ही वाढ मिळणारे कामगार किती उरलेत, हा प्रश्न टक्क्यांपेक्षा मोठा आहे.

ही नोकरी एवढी मोलाची का होती?

विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. मग जिल्ह्यात एकामागून एक कारखाने उभे राहिले. दुष्काळी गावातल्या पोराला घराजवळ कायम नोकरी, फंड, ग्रॅच्युइटी, बोनस मिळू लागला.

पगार एकटा कारखाना ठरवत नव्हता. सरकार, कारखाने आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती राज्यभरासाठी करार करते. हंगामी कामगाराला कारखाना बंद असतानाच्या काळातही ठरलेला भत्ता मिळतो. हे संघटनांनी भांडून मिळवलेलं आहे.

मग बिघडलं कुठे?

पहिलं कारण ठेकेदारी. कायम कामगार निवृत्त झाला की ती जागा भरायची नाही, काम ठेकेदाराकडे द्यायचं. ठेकेदाराच्या माणसाला त्रिपक्षीय कराराचा पगार सहसा मिळत नाही. हे फक्त साखरेत घडत नाही. 2022-23 च्या वार्षिक उद्योग पाहणीनुसार देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत सुमारे 40 टक्के कामगार कंत्राटी होते.

दुसरं कारण, मालक नेमका कोण? सहकारी कारखान्यात कामगाराचा बाप किंवा भाऊच सभासद असतो. ऐन हंगामात संप केला तर घरचाच ऊस शेतात वाळतो. शिवाय चेअरमन बऱ्याचदा तालुक्याचा पुढारीही असतो. त्याच्याशी भांडण म्हणजे निम्म्या गावाशी भांडण.

तिसरं, कारखानाच अडचणीत येणं. राहुरीचा डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे कारखाना कर्जात रुतला. 2021 मध्ये तिथल्या कामगारांना थकीत देण्यांसाठी उपोषणाला बसावं लागलं. महिन्याचा पगारच निघत नसेल, तर करारातली वाढ कागदावरच राहते.

अमेरिकेतही हेच झालं का?

शेवट सारखा, वाट वेगळी. 1950 च्या दशकात अमेरिकेत साधारण तीनातला एक कामगार संघटनेत होता. आता हे प्रमाण दहात एक आहे. 1981 मध्ये अध्यक्ष रेगन यांनी संपावरच्या 11 हजारांहून जास्त हवाई वाहतूक नियंत्रकांना कामावरून काढलं, तेव्हा खासगी कंपन्यांचाही धीर चेपला. शिवाय अनेक कारखाने संघटना कमकुवत असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत आणि परदेशात गेले.

साखर कारखान्याला असं उठून जाता येत नाही. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखरेचा उतारा घटतो, म्हणून कारखाना उसाजवळच लागतो. त्यामुळे इथे कारखाना जागेवर राहिला आणि त्यातली नोकरी बदलली.

नव्या कायद्याने काय होईल?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. आता 300 पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कपात करण्यासाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. केंद्रीय कायद्यात ही मर्यादा आधी 100 होती. कुठल्याही कारखान्यात संपाआधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. एक जमेची बाजूही आहे. ठरावीक मुदतीच्या नोकरीवर घेतलेल्या कामगाराला कायम कामगाराइतका पगार आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. मात्र ठेकेदाराकडचा माणूस या वर्गात मोडत नाही.

सध्याचा करार मार्च 2029 पर्यंत आहे. तोवर आणखी बरेच कायम कामगार निवृत्त होतील. ठेकेदाराकडच्या मजुराला संघटनांनी आपलं सभासद करून घेतलं नाही, तर पुढच्या वाटाघाटींच्या टेबलावर त्यांच्यामागे उभं राहणारी माणसं आणखी कमी असतील. त्यामुळे पुढच्या वेळी पगारवाढीची बातमी आली की टक्क्यांसोबत आणखी एक आकडा विचारा: ही वाढ किती कामगारांना लागू होणार?