दोन चवडी, एक रांग

आमच्या दिग्रसात बी. ए.च्या मुलीने ‘प्रोग्रामिंग’ हा शब्द काढला की समोरचा आधी हसतो. तो प्रांत सायन्सवाल्यांचा. आपण कविता आणि सनावळ्या पाठ कराव्यात, असा समज रूढ आहे. मला तो मान्य नाही.

संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन अगदी साध्या रीती आहेत. ‘स्टॅक’ म्हणजे भाकरीची चवड; शेवटी टाकलेली भाकर आधी उचलली जाते. ‘क्यू’ म्हणजे रांग; आधी आला त्याचे काम आधी. ॲलन ट्यूरिंगने 1946 च्या आपल्या अहवालात चवडीसाठी ‘पुरणे’ आणि ‘उकरणे’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. आपल्याकडचे पेव आठवा. तोंड वर एकच, म्हणून तळाचे, सर्वांत जुने धान्य सगळ्यांत शेवटी निघे.

आता समजा, जवळ फक्त चवडीच आहेत आणि हवी आहे रांग. येणारे कागद पहिल्या चवडीवर ठेवत जावे. काढायची वेळ आली की ते एकेक करून दुसऱ्या चवडीवर टाकावे. क्रम उलटतो, सर्वांत जुना कागद वर येतो. उलट्याचे उलटे म्हणजे सुलटे! पथ्य एकच: दुसरी चवड पुरती संपल्याशिवाय पहिलीतला कागद तिच्यावर टाकायचा नाही. घाई केली तर परवाचा अर्ज खाली दबतो नि कालचा आधी निघतो. आणि कष्ट म्हणाल तर ठेवणे, उचलणे, पुन्हा ठेवणे, पुन्हा उचलणे. कागद शंभर असोत की लाख, प्रत्येकामागे चारच हालचाली. यात न समजण्यासारखे काय आहे?

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. गेल्या वर्षी एका कचेरीत दाखल्यासाठी माझा अर्ज पहिल्या दिवसांतच गेला. त्यावर नव्या अर्जांची चवड चढत राहिली. मागून आलेल्यांना दाखले मिळाले, माझा तळाशीच. बाबांनी फीसाठी उसने पैसे आणले. कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. टेबल एक, गठ्ठा एक, आणि हात वरच्या कागदावर जातो.

आता सारे ऑनलाइन झाले, प्रश्न मिटला, असे काही मित्र म्हणतात. पण पडद्यावर सर्वांत नवा अर्ज वर दिसत असेल आणि बाबू वरूनच सुरुवात करीत असेल, तर ती चवडच की! तो क्रम कोणीतरी लिहिलेला असतो. लिहिणाऱ्यांत तळाशी राहिलेल्या घरची मुले का नसावीत? आणि कलाशाखेने तेवढे बाहेर का राहावे?

आमच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. हा विषय मराठीतून, एखाद्या मोकळ्या तासाला शिकवावा. संगणकही लागणार नाही. वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांचे दोन ढीग आणि पंधरा मिनिटे पुरतील.