हत्ती रंगवा, पण चौक नको

लेकीकडे सिल्वासाला गेले होते. तिथलं आदिवासी संग्रहालय पाहिलं: मुखवटे, वाद्यं, मासेमारीची साधनं. नातवाने कानडीत विचारलं, ‘अज्जी, आने एल्लि?’ आता इथे हत्ती कुठला!

जावई म्हणाले, २०१८ साली मुंबईत रंगवलेले १०१ हत्ती मांडले होते. लिलावाचा पैसा हत्तींच्या वाटा राखण्यासाठी. तसा एक वारली चित्रांचा हत्ती या संग्रहालयासाठी विकावा.

कल्पना छान, पण मला एक खटकलं. लग्नाचा चौक वारली सुवासिनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर काढतात. तो कसा विकणार? हत्तीवर शेत काढा, तारपा नाच काढा. चौक भिंतीवरच राहू द्या. आणि हो, रंगवणारीची मजुरी लिलावाआधीच तिच्या हातावर ठेवा.