मतदानाच्या रांगेचे मोल

मतदानाच्या दिवशी शाळेच्या पटांगणातून थेट रस्त्यापर्यंत आलेली रांग हा आपल्याकडे कौतुकाचा विषय मानला जातो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत तिचे छायाचित्र झळकते आणि लोकशाहीवरील जनतेच्या निष्ठेचे प्रमाणपत्र म्हणून ते पाहिले जाते. हे कौतुक अनाठायी नाही. तथापि ज्या रांगेत नागरिकाला दोन-दोन तास तिष्ठत राहावे लागते, ती रांग त्याच्या निष्ठेची जितकी साक्ष देते तितकीच व्यवस्थेच्या उणिवेचीही देते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

लोकसभा निवडणुकीच्या पाचव्या टप्प्यात, २० मे २०२४ रोजी, मुंबईतील सहाही मतदारसंघांत मतदान झाले. अनेक केंद्रांवर काम अतिशय संथ चालल्याच्या, भर उन्हात सावली व पाणी नसल्याच्या तक्रारी त्या दिवशी झाल्या. असे असूनही सहांपैकी एकाही मतदारसंघात मतदानाचे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत पोहोचले नाही. मतदान कमी आणि रांगा मात्र लांब, असा हा विरोधाभास होता. शहरी मतदाराची उदासीनता आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली सुटी ही त्याची नेहमीची कारणमीमांसा. परंतु उदासीन मतदार घरी राहतो, तो रांग लांबवीत नाही. रांगेचे कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

मतदान केंद्रातील कामाचा क्रम ठरलेला असतो. पहिला अधिकारी यादीतील नाव व ओळखपत्र तपासतो, पुढे नोंदवहीत सही अथवा अंगठा घेऊन बोटाला शाई लावली जाते, त्यानंतर यंत्र मतासाठी खुले केले जाते. व्हीव्हीपॅटची चिठ्ठीच सात सेकंद दिसते. यापैकी कोणतीही पायरी गाळता येत नाही. तेव्हा एका मतदारास सरासरी चाळीस सेकंद लागतात असे समजू. केंद्रावर पंधराशे मतदार असतील आणि साठ टक्के मतदान होणार असेल, तर नऊशे जण येतील. सकाळी सात ते सायंकाळी सहा या अकरा तासांत जवळजवळ हजार मतदारांचे काम उरकू शकते. कागदावर हिशेब अगदी चोख बसतो.

पण माणसे कागदावरच्या हिशेबाप्रमाणे येत नाहीत. ऊन चढण्यापूर्वी मत देऊन मोकळे व्हावे, असे बहुतेकांना वाटते. नऊशेंपैकी निम्मे पहिल्या तीन तासांतच आले, तर साडेचारशेंपैकी केवळ दोनशे सत्तर जणांचे मतदान दहा वाजेपर्यंत होईल. उरलेले एकशे ऐंशी रांगेतच असतील आणि त्यांतील शेवटच्याला दोन तास उभे राहावे लागेल. आता हाच हिशेब बाराशे मतदारांच्या केंद्रासाठी केला, तर ती प्रतीक्षा एका तासावर येते. हजार मतदारांच्या केंद्रावर ती अवघी वीस मिनिटे उरते. मतदार एकतृतीयांशाने घटले की प्रतीक्षा एकषष्ठांशावर येते. रांग ही गर्दीच्या प्रमाणात वाढत नाही, क्षमतेची सीमा ओलांडताच ती झपाट्याने फुगते.

निवडणूक आयोगाने केंद्रावरील मतदारांची कमाल मर्यादा पंधराशेवरून बाराशेवर आणली आणि २०२५ च्या बिहार विधानसभा निवडणुकीत तिचा अवलंब केला, हे यास्तव स्वागतार्ह होय. मात्र सरासरीवर विसंबून चालणार नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदारांसाठी एक लाखाहून अधिक केंद्रे होती. म्हणजे सरासरीने केंद्रामागे हजारही मतदार नव्हते. परंतु विरळ वस्तीच्या पाड्यावरील छोटे केंद्र आणि महानगरातील दाट वस्तीचे केंद्र या दोहोंची सरासरी काढून दुसऱ्या केंद्रावरील रांग तसूभरही कमी होत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने रांग ही एक किंमतच असते. शिधावाटप दुकानापुढे रॉकेलसाठी तिष्ठलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मत विनामूल्य आहे, पण त्यासाठी वेळ मोजावा लागतो, आणि वेळेचे मोल सर्वांना सारखे नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी मिळते. रोजंदारीवरील कामगारालाही हा हक्क आहे, मात्र तो डावलणाऱ्या मालकास होणारा दंड जास्तीत जास्त पाचशे रुपयांचा! शिवाय भाजीविक्रेती, रिक्षाचालक, चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना हा हक्क मागायचा कोणाकडे? पगारी कारकुनाचे दोन तास सुटीतून जातात, यांचे दोन तास त्या दिवशीच्या भाकरीतून जातात. ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ हे तत्त्व स्वीकारलेल्या राज्यात मत देण्याची किंमत मात्र गरिबाला अधिक पडते.

याला आणखी एक बाजू आहे. सहाच्या ठोक्याला जे रांगेत असतात त्यांना, शेवटच्या मतदारापासून आरंभ करून, केंद्राध्यक्ष क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात व त्या सर्वांचे मतदान होऊ देतात. नियम न्याय्यच आहे. तथापि नोव्हेंबर २०२४ मध्ये सायंकाळनंतरच्या मतदानावरून मोठा वाद उद्भवला. यासंबंधीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये फेटाळली, पण अनेकांच्या मनातील शंका फिटली नाही. केंद्रनिहाय रांगेची नोंद त्याच रात्री जनतेसमोर आली असती, तर शंकेला फारशी जागाच उरली नसती.

अमेरिकेतही २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अनेक ठिकाणी मतदार तासन्‌तास ताटकळले. अध्यक्ष ओबामा यांनी त्यानंतर नेमलेल्या आयोगाने जानेवारी २०१४ मध्ये, कोणत्याही मतदाराला अर्ध्या तासाहून अधिक थांबावे लागू नये, असा दंडक सुचविला. सर्वत्र तो पाळला गेला असे नव्हे. परंतु दंडक असला की उणीव मोजता येते.

आपल्याकडे असा दंडक घालणे अशक्य नाही. दर दोन तासांचे मतदान आणि शेवटी वाटलेल्या चिठ्ठ्यांची संख्या केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत नोंदविली जातेच. त्या वेळी रांगेत किती जण उभे आहेत, एवढा एक रकाना तीत वाढवावा आणि मतदानानंतर ती केंद्रनिहाय प्रसिद्ध करावी. ज्या केंद्रावर प्रतीक्षा अर्ध्या तासापलीकडे गेली, ते पुढील निवडणुकीपूर्वी विभागावे. निवडणुकीच्या एकूण खर्चात दुसरी खोली, आणखी एक यंत्र आणि चार-पाच कर्मचारी यांचा बोजा नगण्य आहे. आज तो खर्च वाचतो असे दिसते. वस्तुतः तो वाचत नाही. उन्हात उभा राहिलेला मतदार तो भरतो, आणि ज्याला भरणे परवडत नाही तो मत न देताच घरी जातो.