शून्य प्रदूषण? चंद्रपूरहून पाहा

पुण्यात मुलाने विजेवरची गाडी घ्यायची ठरवली आणि फोनवर म्हणाला, "बाबा, प्रदूषण शून्य!" मी चंद्रपूरकर. इथल्या 2920 मेगावॅटच्या महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या माझ्या गच्चीवरून दिसतात. त्यामुळे ते 'शून्य' मला मान्य नाही. तरीही 'घे' असंच मी त्याला सांगितलं. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून हिशेबच मांडतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरला 15 किलोमीटर धावणारी गाडी शंभर किलोमीटरला 15 किलो सोडते. तेल उपसणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं धरलं की 18च्या घरात. विजेवरच्या गाडीला तेवढ्याच अंतराला, चार्जिंगमधली गळती धरून, 17 युनिट लागतात असं धरू. आपल्या ग्रीडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो, म्हणजे 12 किलो. वीज एवढी कोळशाची असूनही सहा किलो वाचतात.

मात्र ही गाडी कारखान्यातून निघते तीच कर्ज घेऊन. 40 युनिट क्षमतेची बॅटरी बनवताना अंदाजे तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो फिटायला 50 हजार किलोमीटर धावावं लागतं. आयसीसीटी या संस्थेने 2021 मध्ये गाडीच्या पूर्ण आयुष्याचा हिशेब केला, तेव्हा पेट्रोलच्या तुलनेत भारतात बचत निघाली 19 ते 34 टक्के. युरोपात 66 ते 69.

रोज दीडशे किलोमीटर धावणारी टॅक्सी हे कर्ज वर्षभरात फेडते. फक्त रविवारी बाहेर निघणारी, घरातली दुसरी गाडी दहा वर्षांतही फेडेल की नाही, शंका आहे. म्हणून सरकारी सवलतींवर पहिला हक्क एसटीचा, शहरबसचा, टॅक्सी-रिक्षांचा असला पाहिजे.

आणि या सगळ्या आकड्यांत आमची फुप्फुसं कुठेच येत नाहीत. पुण्यातल्या स्वारगेटच्या चौकातला धूर कमी होईल, ते चांगलंच; पण इथल्या चिमणीतून गंधकाचे वायू निघतातच. ते गाळणारी यंत्रणा बसवण्यातून केंद्र सरकारने जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतांश कोळशाच्या वीजकेंद्रांना सूट दिली. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागांचा निर्णय मात्र एकेका वीजकेंद्रापुरता स्वतंत्र होणार आहे. इथे ती यंत्रणा बसलीच पाहिजे, ही मागणी पुण्या-मुंबईच्या गाडीवाल्यांनीही आमच्याबरोबर करावी.