पैसा नाही असं नाही

मागच्या जुलैत आमच्या साइटवर स्लॅबचं काम चालू असताना एक पोरगा चक्कर येऊन पडला. मी 911 ला फोन लावायला मोबाईल काढला, तर त्यानेच माझा हात धरला. नको म्हणाला. बिलाची भीती, आणि पोलिस आले तर त्याची भीती. शेवटी सावलीत नेलं, मानेवर बर्फ ठेवला. वाचला. पण मी सुपरवायझर असून त्याचं ऐकलं, हे मला आजही बरं वाटत नाही.

मी डिप्लोमावाला, पुण्यात साइटवर वाढलेला. बायकोच्या नोकरीमुळे अल्फारेटात आलो. इथे आपली माणसं बहुतेक आयटीत, म्हणून त्यांना हे दिसत नाही. तुम्ही राहता ते टाउनहाऊस ज्यांनी बांधलं ते ग्वाटेमाला, होंडुरासचे गडी आहेत.

उन्हात काम करणाऱ्याला पाणी, सावली, विश्रांती द्यायलाच हवी, असा देशपातळीचा नियम 2024 मध्ये प्रस्तावित झाला. तो अजून मसुदाच आहे. जॉर्जियाचा स्वतःचा तसा नियम नाही, खासगी साइटसाठी राज्याचं वेगळं सुरक्षा खातंही नाही. सगळा भार फेडरल ओशावर. देशभरात राज्यांचे धरून साधारण 1850 निरीक्षक आणि कामगार 13 कोटी.

पैसा नाही म्हणून? ओशाचं 2024 चं बजेट सुमारे 63 कोटी डॉलर. जुलै 2025 च्या कायद्याने आयसीई या धरपकड करणाऱ्या खात्याला नेहमीच्या बजेटवर जास्तीचे 75 अब्ज डॉलर दिले, साधारण चार वर्षांसाठी. वर्षाची सरासरी काढा, जवळजवळ तीसपट. म्हणजे कामगार कुठे आहे हे शोधायला पैसा आहे, तो मचाणावरून पडू नये म्हणून नाही.

आणि हा पैसा कुणाचा? आयटीईपी या संस्थेच्या अंदाजाने कागदपत्रं नसलेल्या लोकांनी 2022 मध्ये 96 अब्ज डॉलरहून जास्त कर भरला. त्यातले 25 अब्जांहून जास्त सोशल सिक्युरिटीचे, ज्याची पेन्शन त्यांना मिळायची नाही.

सवानाजवळ एलाबेलला तर कमालच. ह्युंदाईच्या प्रकल्पाला जॉर्जियाने सवलतींसकट सुमारे 2 अब्ज डॉलर देऊ केले. सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्याच बॅटरी कारखान्याच्या बांधकामावर धाड पडून 475 लोक पकडले. तीनशेहून जास्त कोरियन, कारखाना उभा करायला आलेले. त्यानंतर आठवडाभर माझ्या साइटवर निम्मी माणसं आली नाहीत.

श्रीमंत देश आहे, चालायचंच, असं म्हणू नका. 1972 च्या दुष्काळानंतर गरीब महाराष्ट्राने शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला, तो रोजगार हमीसाठी. तुमच्या पुण्या-मुंबईच्या पगारातून महिन्याला 200 रुपये कापले जायचे ना, तेच. पुढे तो पैसा कुठे मुरला यावर भांडता येईल. बांधकाम कामगारांसाठीचा 1 टक्का उपकरही वर्षानुवर्षं पडून राहिला, ते मी तिथेच पाहिलं. पण निदान कुणासाठी गोळा करायचा, हे कागदावर तरी नीट लिहिलेलं होतं.

इथल्या नागरिक झालेल्या मराठी मंडळींना एक विनंती. तुमचा काँग्रेसमन मत मागायला आला की उन्हाच्या नियमाचं काय झालं, एवढं विचारा. आम्हाला मत नाही. आणि साइटवर काम करणाऱ्यांनो, ओशाचा नंबर 1-800-321-6742. नाव गुप्त ठेवा म्हणून सांगता येतं.